थोरांचे डाव वाचताना

आपल्याकडे बुद्धिबळ शिकायचं म्हणजे कुणाच्या तरी पाठीशी उभं राहून शिकायचं. ओट्यावर काका आणि शेजारचे गृहस्थ पट मांडून बसलेले असतात. त्यांच्या खांद्यावरून डोकावत मुलगा घोड्याची अडीच घरं पाठ करतो, उंट तिरपा जातो हे ध्यानात ठेवतो, आणि चारसहा महिन्यांनी एखाद्या दुपारी खुद्द काकांवरच मात करतो. इथवरचं शिक्षण फुकट असतं आणि सुखाचंही असतं. अडचण येते ती यापुढं. त्या ओट्यावर जेवढं शहाणपण असेल तेवढंच त्याच्या वाट्याला येणार. गावातला सर्वांत तरबेज खेळाडू एकदा हरला की शिक्षणाचा रस्ता खुंटतो. मग पुढची दहा वर्षं तोच मुलगा तेच डाव तसेच खेळत राहतो, आणि चाळिशीत त्याच ओट्यावर काकांच्या जागी बसतो.

पुढं जायचं तर अधिक थोर गुरू हवा. तो गावात नाही, पुष्कळदा देशातही नाही, आणि बहुधा आज हयातही नाही. पण बुद्धिबळाच्या विद्येची एक सोय अशी आहे की जी इतर फार थोड्या विद्यांना लाभली. ध्वनिमुद्रणाची युक्ती निघण्यापूर्वीचे आपले मोठमोठे गवई गेले ते आपला आवाज बरोबर घेऊन गेले. त्यांच्याविषयीच्या आख्यायिका उरल्या, गाणं उरलं नाही. बुद्धिबळाच्या डावाचं तसं नाही. चाळीस खेळ्यांचा डाव कागदाच्या एका पाठीवर मावतो, आणि तो कागद हाती असला म्हणजे पावणेदोनशे, दोनशे वर्षांपूर्वी खेळला गेलेला डाव आपण आपल्या पटावर जसाच्या तसा मांडू शकतो. त्यात कानामात्रेचाही फरक पडत नाही. मेलेला माणूस आपल्यासमोर बसून पुन्हा तीच खेळी करतो.

मात्र त्यासाठी तो डाव कुणीतरी लिहून ठेवलेला असावा लागतो. आणि गंमत अशी की ज्या खेळाला हजार-दीड हजार वर्षांचा इतिहास आहे, त्यात मोठ्या खेळाडूंचे खरेखुरे डाव लिहून ठेवण्याची शिस्त जेमतेम दोन शतकांची आहे. पूर्वी जपून ठेवल्या जात त्या प्रामुख्यानं युक्त्या आणि कूटं. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. 1814 साली मुंबईत त्रेवंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं एक पुस्तक मूळ संस्कृतातून इंग्रजीत उतरवून छापलं गेलं. मुंबईतल्या साहेबलोकांत शास्त्रीबुवांच्या खेळाचा दबदबा होता. पण त्या पुस्तकाचा मुख्य भाग म्हणजे पटावरच्या अटीतटीच्या अवस्था: इतकी मोहरी अशी अशी मांडली आहेत, आता मात करा. शास्त्रीबुवा कुणाशी तरी बसून आरंभापासून शेवटपर्यंत कसे खेळत, हे त्यावरून कळत नाही. व्याकरणाची उदाहरणं राहावीत आणि ग्रंथ हरवावा, तसा हा प्रकार झाला.

युरोपातही सुरुवातीला याहून फारसं बरं नव्हतं. फ्रान्सचा फिलिदोर हा अठराव्या शतकातला सर्वश्रेष्ठ खेळाडू. त्यानं 1749 साली लंडनमध्ये आपलं पुस्तक काढलं आणि प्याद्यांची रचना हाच डावाचा पाया आहे, हा विचार पहिल्यांदा नीट मांडला. परंतु त्या पुस्तकातले डाव त्यानं शिकवण्यासाठी रचलेले आहेत, कुणाशी खेळलेले नाहीत. त्याचे प्रत्यक्ष खेळलेले जे थोडे डाव आज उपलब्ध आहेत ते त्याच्या उतारवयातले, आणि ते राहिले ते मुख्यतः जॉर्ज अ‍ॅटवुड नावाच्या एका इंग्रज गृहस्थामुळं. शास्त्रशाखेच्या वाचकांनी हे नाव ऐकलेलं असेल. कप्पीवरून दोरी सोडून दोन वजनं टांगायची आणि गतिनियम तपासायचे, ते जे यंत्र पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात येतं, ते याच अ‍ॅटवुडचं. त्याला बुद्धिबळाचा नाद होता आणि खेळी लिहून घेण्याची सवय होती. ती सवय नसती तर फिलिदोर आपल्याला फक्त त्याच्या स्वतःच्या शब्दांतून भेटला असता. देशापेल नावाचा त्यानंतरचा फ्रेंच वीर पाहा. समकालीन लोक त्याला अजिंक्य मानत. पण त्याचे डाव हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच शिल्लक आहेत. त्यामुळं त्याच्याकडून शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. उरली आहे ती कीर्ती. आणि नुसत्या कीर्तीवरून खेळ शिकता येत नाही.

या साऱ्याला कलाटणी मिळाली 1834 च्या उन्हाळ्यात. लंडनच्या वेस्टमिन्स्टर क्लबात देशापेलचा शिष्य ला बूर्दोने आणि बेलफास्टचा अलेक्झांडर मॅकडोनेल असे दोघेजण समोरासमोर बसले, आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सहा सामन्यांत मिळून पंचाऐंशी डाव खेळले. (जाता जाता सांगतो, 1746 साली फ्रेंचांतर्फे मद्रास जिंकून घेणारा जो ला बूर्दोने आपल्या इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत येतो, त्याचा हा नातू.) फ्रेंच गड्यानं पंचेचाळीस डाव जिंकले, मॅकडोनेलनं सत्तावीस, बाकीचे तेरा बरोबरीत सुटले. क्लबाचा चिटणीस विल्यम ग्रीनवुड वॉकर हा वृद्ध गृहस्थ पटाशेजारी बसून खेळी उतरवून घेत असे. त्याला कुणी ते काम लावून दिलेलं नव्हतं. मॅकडोनेल पुढच्याच वर्षी वारला, ला बूर्दोने 1840 मध्ये विपन्नावस्थेत गेला. 1836 साली वॉकरनं मॅकडोनेलच्या डावांचं पुस्तक छापलं, आणि दोन थोर खेळाडूंची दीर्घ झुंज प्रथमच कुणालाही घरी बसून वाचता येऊ लागली.

त्याचा परिणाम किती लांब पोचला पाहा. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरी पॉल मॉर्फी नावाचा मुलगा वाढत होता. त्याच्या आसपास त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं. ओट्यावरचं शिक्षण त्यानं बाराव्या वर्षीच संपवलं होतं. एकविसाव्या वर्षी, 1858 साली, तो युरोपात आला आणि पॅरिसला जर्मनीच्या अँडरसनला त्यानं सात डावांत हरवलं, दोन गमावले, दोन बरोबरीत सोडले. मायदेशी परतल्यावर न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकानं त्याला बुद्धिबळावर लिहायला सांगितलं, तेव्हा जगातल्या या सर्वश्रेष्ठ खेळाडूनं काय करावं? त्यानं स्वतःच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वीचे ला बूर्दोने आणि मॅकडोनेलचे डाव काढले आणि त्यांवर टिपा लिहायला घेतल्या. वॉकरची वही अशी कामाला आली.

आता खरा प्रश्न. डाव मिळाले, पण ते वाचायचे कसे?

बहुतेक लोक थोरांचे डाव वाचतात ते लावणी ऐकल्यासारखे: दाद देण्याच्या जागा शोधत. कुठं वजिराचा बळी दिला, कुठं अनपेक्षित शह आला, तेवढं टिपायचं आणि वाहवा करायची. ही रसिकता झाली; शिक्षण नव्हे. हा फरक ज्यानं प्रथम ओळखला तो विल्हेल्म स्टाइनिट्झ. तरुणपणी तो स्वतःच असल्या चढाईच्या खेळाबद्दल प्रसिद्ध होता, लोक त्याला ऑस्ट्रियाचा मॉर्फी म्हणत. पण पुढं त्याच्या डोक्यात एक साधा प्रश्न शिरला. हे हल्ले यशस्वी का होतात? हल्ला करणारा हुशार म्हणून, की बचाव करणाऱ्यानं आधीच काहीतरी बिघडवून ठेवलेलं असतं म्हणून? तो मॉर्फीचे डाव घेऊन बसला, अँडरसनचे घेऊन बसला, स्वतःचे घेऊन बसला, आणि त्याला दिसलं की ज्या खेळीला आपण टाळ्या वाजवतो तिच्या आधी दहा-बारा खेळ्या डाव तिकडं झुकलेला असतो. कुठं एखादं प्यादं एकटं पडलेलं असतं, कुठं एखादं घर कायमचं उघडं पडलेलं असतं, कुठं मोहरी घरातून बाहेरच निघालेली नसतात. तोल ढळलेला नसताना केलेला हल्ला फुकट जातो. ढळलेला असेल तर तो करावाच लागतो. 1886 साली झुकेरटोर्टला हरवून स्टाइनिट्झ जगज्जेता झाला तो या विचाराच्या बळावर. डावपेचाचं शास्त्र म्हणून आज जे काही शिकवलं जातं, त्यातलं बरंचसं अशा रीतीनं जुने डाव उलट्या दिशेनं वाचून हाती लागलेलं आहे.

उलट्या दिशेनं वाचणं म्हणजे काय, हे एका डावावरून सांगतो. चिन्हांची लिपी बाजूला ठेवतो. पट मनासमोर आणा, म्हणजे पुरे.

नोव्हेंबर 1938. हॉलंडातल्या आव्रो नावाच्या नभोवाणी-संस्थेनं त्या वेळच्या आठ अव्वल खेळाडूंची स्पर्धा भरवली होती. (एका नभोवाणीनं बुद्धिबळासाठी पदरमोड करावी, ही गोष्ट इथं मुद्दाम नमूद करून ठेवतो.) अकराव्या फेरीत क्यूबाचा कापाब्लांका आणि रशियाचा बोट्विनिक यांची गाठ पडली. कापाब्लांकाला नुकतंच पन्नासावं वर्ष पूर्ण झालं होतं, बोट्विनिक सत्तावीस वर्षांचा. तेरा वर्षांपूर्वी, 1925 साली, लेनिनग्राडला कापाब्लांका एकाच वेळी अनेकांशी खेळला होता तेव्हा चौदा वर्षांच्या या पोरानं त्याला एकदा हरवलंही होतं. पांढरी मोहरी बोट्विनिककडं होती.

हा डाव ज्यांना माहीत आहे त्यांना तिसावी खेळी माहीत असते. त्या वेळी पांढऱ्याचं एक प्यादं राजाच्या उभ्या ओळीत सहाव्या घरापर्यंत घुसलं आहे. आणखी दोन घरं चाललं की त्याचा वजीर होणार. काळा वजीर त्याच्या पुढ्यात ठाण मांडून बसला आहे. अशा वेळी बोट्विनिक आपला उंट पटाच्या डाव्या कडेला, कुणाचाही आधार नसलेल्या घरात नेऊन ठेवतो: हा घ्या, फुकट. काळ्या वजिरानं तो घेतला तर तो प्याद्यापुढून हटतो. कापाब्लांकानं घेतला. लगेच पुढच्या खेळीत पांढऱ्यानं घोडाही बळी दिला, आपल्या वजिरानं काळ्याचा घोडा मारला, प्यादं सातव्या घरात ढकललं. मग काळ्या वजिरानं शहावर शह दिले आणि पांढरा राजा त्या शहांतून वाट काढत पार पटाच्या उजव्या कडेला जाऊन सुरक्षित बसला. एकेचाळिसाव्या खेळीनंतर कापाब्लांकानं डाव सोडला.

सुंदर आहे, यात शंका नाही. पण आता वही घ्या आणि मागं या. तिसाव्या खेळीला उंट ज्या घरात गेला ते घर रिकामं कसं होतं? आरंभी तिथं पांढऱ्याचं कडेचं प्यादं उभं होतं. तेराव्या खेळीला ते एक घर पुढं सरकलं, म्हणून. बरं, उंटाला काळ्या वजिरावर रोखायला तिरपी वाट मोकळी कशी मिळाली? त्या वाटेच्या मधोमध काळ्याचं प्यादं होतं. चौदाव्या खेळीला कापाब्लांकानंच ते पुढं सारलं, म्हणून. पुढं सारण्यात त्याचा हेतू वाईट नव्हता. वजिराच्या बाजूला त्याला जागा मिळवायची होती आणि पांढऱ्याचं ते कडेचं प्यादं टिपायचं होतं. तो घोडा घेऊन निघाला. कडेवरून आपल्या मूळ घरी परत, तिथून मधे, पुन्हा कडेला, आणि तिथून पांढऱ्याच्या गोटात: चार खेळ्यांत घोडा पोचला आणि एकोणिसाव्या खेळीला काळ्या वजिरानं ते प्यादं मारलं. हिशेबाच्या भाषेत काळा एका प्याद्यानं वर.

या चार खेळ्यांच्या अवधीत बोट्विनिक काय करत होता, हे पाहिलं की डाव उलगडतो. सोळाव्या खेळीला त्यानं कोपऱ्यातला हत्ती, जो त्या कडेच्या प्याद्याच्या पाठीशी उभा होता, तो उचलून मधे राजाच्या उभ्या ओळीत आणला. म्हणजे प्यादं जाणार हे ठाऊक असून त्यानं त्याची राखण सोडली. मग घोडा राजाच्या बाजूला, मग उंटाच्या ओळीतलं प्यादं एक घर पुढं, आणि मग मधलं प्यादंही एक घर पुढं. काळ्यानं ते कडेचं प्यादं गिळलं त्याच्या पुढच्याच खेळीला या मधल्या प्याद्यानं काळ्या घोड्याला राजाजवळून हुसकून लावलं. इथून पुढं सगळी लढाई राजाच्या बाजूला होते, आणि काळ्याचा तो दूरवर गेलेला घोडा शेवटपर्यंत तिथंच राहतो. तो एकदाही परतत नाही. कापाब्लांका एका मोहऱ्याविना लढत होता, आणि त्याच्या जमाखर्चात मात्र एक प्यादं जास्त दिसत होतं.

तेव्हा तिसावी खेळी हे फळ. झाड लावलं गेलं ते सोळाव्या खेळीला, जिच्यापुढं कुठल्याही पुस्तकात आश्चर्याचं चिन्ह ठळक छापलेलं बहुधा दिसायचं नाही. किरकोळ प्यादं जाऊ देऊन मध्य काबीज करायचा, शत्रूचं मोहरं दूर गुंतवून ठेवायचं आणि तेवढ्यात राजावर चालून जायचं, ही गोष्ट शिकायची तर ती सोळाव्या खेळीपाशी थांबून शिकायला हवी. तिसाव्या खेळीपाशी थांबलात तर फार तर बोट्विनिकच्या बुद्धीचं कौतुक वाटेल. ते त्याच्या पदरी पडतं, तुमच्या नाही.

मग वाचनाची रीत कशी असावी? फार साधी. पट खरा मांडा. डोळ्यांनी नुसतं पान चाळू नका. जो जिंकला त्याच्या बाजूला बसा. पुढची खेळी पोस्टकार्डानं झाकून ठेवा आणि आपण काय खेळलो असतो ते, कारणासह, वहीत लिहा. नंतर कार्ड सरकवा. पहिल्या दहा डावांत तुमची खेळी आणि थोरांची खेळी क्वचितच जुळेल. त्यानं खट्टू होऊ नका. न जुळलेल्या जागा हाच तुमचा अभ्यासक्रम आहे. अशा रीतीनं एक डाव नीट वाचायला दोन-तीन तास लागतात, आणि म्हणून माझं मत असं की वर्षाकाठी वीस डाव पुष्कळ झाले. कुणाचे घ्यावेत, असं विचाराल तर आरंभी कापाब्लांकाचे, कारण त्याचा हेतू स्वच्छ दिसतो. लाटव्हियाच्या मिखाईल तालचे, जो 1960 साली जगज्जेता झाला, ते नंतर ठेवा. तालचे डाव म्हणजे दारूकाम. बघावं, पण त्यावर स्वयंपाक होत नाही.

दुसरी एक खबरदारी घ्यावी लागते, आणि इथं माझा इतिहासाचा धंदा आड येतो. डावाबरोबर टिपा छापलेल्या असतात. पुष्कळदा त्या खुद्द जिंकणाऱ्यानंच लिहिलेल्या असतात. 1898 साली राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' काढायला सुरुवात केली ती या आग्रहानं, की बखरीवर विसंबू नका, अस्सल कागद पाहा. बखर लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो. म्हणून सगळं पहिल्यापासून ठरल्याप्रमाणं घडत गेलं असं तो लिहून जातो. डावातल्या खेळ्या म्हणजे अस्सल कागद, आणि विजेत्याच्या टिपा म्हणजे बखर. आपण पंधराव्या खेळीलाच सगळं ओळखलं होतं, असं सांगण्याचा मोह कुणाला आवरतो?

अलेक्झांडर आलेखिनसारख्या जगज्जेत्यालाही तो आवरला नाही. त्याच्या निवडक डावांच्या पहिल्या संग्रहात 1915 साली मॉस्कोत ग्रिगोरिएव्हशी झालेला एक डाव आहे. त्यात पटावर एकाच वेळी पाच वजीर उभे राहतात, आणि पांढरी मोहरी घेतलेला आलेखिन जिंकतो. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तो तोंडात बोट घालून वाचला. पुढं संशोधकांनी जुनी रशियन मासिकं उलगडली तेव्हा दिसलं की प्रत्यक्ष डावात आलेखिन काळ्या बाजूला होता, डाव वेगळ्याच वाटेनं गेला होता आणि तो त्यानं जिंकलाही होता. पाच वजिरांची लढाई ही त्यानं त्या डावावर लिहिलेल्या टिपांतली एक कल्पित शाखा होती. तीच पुस्तकात खरा डाव म्हणून येऊन बसली. आलेखिनची प्रतिभा यानं कमी होत नाही. पण वाचणाऱ्यानं आधी टिपा झाकून स्वतः विचार करावा आणि मगच त्या उघडाव्यात, हे यावरून पटायला हरकत नाही.

याच्या उलट एक उदाहरण आहे, आणि ते मला फार आवडतं. 1851 साली लंडनमध्ये अँडरसननं किझरित्स्कीविरुद्ध उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरसुद्धा बळी देऊन मात केली. त्या डावाला लोक अमर डाव म्हणतात. तो छापून पहिल्यांदा जगापुढं आणला कुणी? हरलेल्या किझरित्स्कीनंच, आपल्या पॅरिसच्या मासिकातून. हरलेल्या पक्षाची बखर अशी क्वचितच मिळते.

हरलेल्या डावांची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. 1890-91 मध्ये स्टाइनिट्झ आणि रशियाचा चिगोरिन यांनी तारायंत्रावरून दोन डाव खेळले. त्यांतल्या एकात स्टाइनिट्झनं आरंभी घोडा मधे आणण्याऐवजी पार कडेच्या घरात नेला. तो दोन्ही डाव हरला, आणि त्या खेळीला सगळ्यांनी वेडेपणा ठरवलं. पराभव हाच तिच्याविरुद्धचा पुरावा मानला गेला. सत्तरएक वर्षं लोटली. ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या बॉबी फिशरनं जुनी पुस्तकं झाडून वाचली होती, रशियन मासिकं वाचता यावीत म्हणून तेवढ्यापुरती ती भाषाही शिकून घेतली होती. 1963 साली त्यानं बिसगायरविरुद्ध तीच खेळी काढली आणि डाव जिंकला. त्यानं तो जुना डाव निकाल झाकून वाचला होता, असंच म्हणावं लागेल. स्टाइनिट्झ हरला तो या खेळीमुळं की पुढच्या चुकांमुळं, हे त्यानं स्वतः तपासलं.

आज डाव मिळण्याची अडचण संपली आहे. 1834 साली लंडनमध्ये खेळलेला डाव छापून यायला दोन वर्षं लागली. 2025 साली नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा अंतिम लढतीची प्रत्येक खेळी विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी त्याच क्षणी दिसत होती. लाखो डाव संगणकात साठवलेले आहेत. आणि शिवाय ते यंत्र प्रत्येक खेळीला चूक की बरोबर तेही क्षणात सांगतं. आलेखिनसारख्यांच्या टिपा तपासायला असा साक्षीदार दुसरा नाही, हे मान्य करायलाच हवं. पण मी पाहतो ते असं की मुलं आता डाव उघडतात तो यंत्राचा आकडा पाहतच. खेळी दिसण्याआधी निकाल दिसतो. पोस्टकार्डाखाली झाकायला काही उरतच नाही. बखरकार निदान कारणं तरी सांगे. हे यंत्र कारण सांगत नाही, आकडा सांगतं. वहीत आपलं उत्तर आधी लिहा आणि यंत्राला मग विचारा, एवढी शिस्त पाळली तर त्याच्यासारखा नोकर नाही.

आपल्या देशाचा हिशेब या बाबतीत थोडा वेगळा आहे. बोट्विनिकनं वरचा डाव ज्या आरंभानं खेळला त्याला निम्झो-इंडियन म्हणतात. हे 'इंडियन' कुठून आलं? 1848 च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कोक्रेन नावाचा एक ब्रिटिश बॅरिस्टर महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली गृहस्थाशी डाव मांडून बसू लागला. महेशचंद्र आपल्या देशी पद्धतीत वाढलेले. तीत प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर चालतं. म्हणून ते मध्य एकदम न अडवता प्यादी एकेक घर सरकवत, उंट कोपऱ्याजवळ लपवून ठेवत, आणि शत्रू पुढं आला की मग त्याच्या मध्यावर तुटून पडत. कोक्रेनला हे नवं वाटलं. त्यानं डाव उतरवून घेतले, काही लंडनच्या मासिकांना पाठवले. 1855 च्या एका डावात तर महेशचंद्र जी मांडणी खेळले, तीच 1922 साली व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्डच्या नावानं प्रसिद्ध झाली. कोक्रेनची लेखणी नसती तर महेशचंद्रांचं नावही आपल्याला कळलं नसतं. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली ती थेट 1955 साली एलुरूला, आणि तीत आपले रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या हे बरोबरीनं विजेते ठरले. त्याआधीच्या शंभर वर्षांत ओट्याओट्यांवर किती महेशचंद्र खेळून गेले असतील, कोण जाणे.

त्यांतला एकच डावांच्या रूपानं पुरता हाती लागतो, आणि तोही परदेशी गेला म्हणून. पंजाबातला मीर सुलतान खान 1929 साली आपले धनी उमर हयात खान यांच्याबरोबर इंग्लंडला गेला. देशी खेळात तो मुरलेला होता. युरोपी आरंभांची पुस्तकं त्यानं वाचलेली नव्हती, आणि ते त्याच्या डावांच्या पहिल्या दहा खेळ्यांत स्पष्ट दिसतं. तरी त्याच वर्षी तो ब्रिटनचा विजेता झाला, पुढं 1932 व 1933 सालीही झाला. 1933 च्या अखेरीस तो मायदेशी परतला आणि स्पर्धांच्या पटावर पुन्हा दिसला नाही. ग्रँडमास्टर हा मानाचा किताब त्याला 2024 साली, मरणोत्तर मिळाला. त्या चारपाच वर्षांतले त्याचे डाव मात्र सगळे छापलेले आहेत. 1930-31 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यानं कापाब्लांकाला हरवलं, तो डाव साठाहून अधिक खेळ्यांचा आहे. संथ आहे, दाबत दाबत नेलेला आहे, आणि नुसतं पान चाळणाऱ्याला त्यात काहीच घडत नाही असं वाटेल. पांढरी मोहरी सुलतान खानची आहेत. त्या बाजूला बसा. दोन संध्याकाळी लागतील.